वाचनालयातला दुहेरी बूटचा संगणक: बूट पार्टिशन शोधण्याच्या नोंदी

१ नोव्हेंबर २०२५

देवघेवीच्या टेबलावरचा संगणक. सातव्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम. आत दोन डिस्क आहेत. १ टीबीच्या फिरत्या हार्ड डिस्कवर विंडोज १०, आणि नंतर बसवलेल्या २४० जीबीच्या एसएसडीवर लिनक्स मिंट २१. चालू केला की ग्रबचा (कुठली प्रणाली सुरू करायची ते विचारणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा) मेनू येतो, वरची ओळ मिंटची, खालची विंडोजची. रोजची देवघेव मिंटमध्ये होते. विंडोज राखून ठेवलंय ते जुन्या श्रीलिपीतल्या फाइलींसाठी. दाखल नोंदवहीची टंकलेखित प्रत, मागच्या वर्षांचे अहवाल, सभांची इतिवृत्तं, सगळं त्यात अडकलेलं आहे आणि युनिकोडमध्ये आणायचं काम अर्ध्यावर आहे.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबरला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे हा संगणक त्या यादीबाहेर. इथपर्यंत ठीक होतं, कारण विंडोजमध्ये असताना नेटची वायर काढून ते फक्त जुन्या फाइलींपुरतं वापरायचं असं ठरलंच होतं. खरी अडचण वेगळीच निघाली. हार्ड डिस्क टकटक आवाज करते. स्मार्टचा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्याचा, अहवाल काढला तर बदली सेक्टरांचा आकडा गेल्या महिन्यापेक्षा वाढलेला, शिवाय वाचायला न जमलेले सेक्टर रांगेत उभे. ही डिस्क फार दिवसांची सोबतीण नाही.

ग्रंथपाल बाईंचा प्रश्न अगदी रास्त होता: "दादा, ती डिस्क काढून टाकली तर निदान मिंट तरी चालू राहील ना? ते तर दुसऱ्या डिस्कवर आहे."

हो म्हणायचा मोह झाला, पण बघितल्याशिवाय हो म्हणता येत नाही. मिंट एसएसडीवर आहे, याचा अर्थ मिंटच्या फाइली एसएसडीवर आहेत, एवढाच. वीज आल्यावर मदरबोर्ड पहिला हात कुठल्या डिस्कवरच्या कुठल्या पार्टिशनला (डिस्कच्या कुठल्या भागाला) लावतो, हे त्यावरून कळत नाही. ते शोधणं हेच या कामाचं पहिलं पान.

आज फक्त डी ड्राइव्हमधलं सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतलं. शोध पूर्ण होईपर्यंत आतल्या डिस्कवर काहीही लिहायचं नाही.

(या नोंदींत कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं.)

८ नोव्हेंबर २०२५

कुठल्याही कमांडच्या आधी एक गोष्ट पाहायची: संगणक सुरू झाला तो यूईएफआय पद्धतीनं की जुन्या बायोस पद्धतीनं (मदरबोर्डवरचा प्रोग्राम संगणक सुरू करतो त्याच्या या दोन पद्धती). मिंटमध्ये /सिस/फर्मवेअर/ईएफआय नावाची डिरेक्टरी आहे का, एवढंच पाहायचं. असेल तर यूईएफआय, नसेल तर जुनी पद्धत. इथे आहे. हे आधी पाहायचं कारण असं की दोन्ही पद्धतींत बूटची जागाच निराळी. बायोस डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर उचलतो आणि त्यातल्या ४४६ बाइटांत बसलेला कोड चालवतो. त्याला पार्टिशनच्या आत काय आहे याची काही पडलेली नसते. यूईएफआय मात्र फॅट फाइलप्रणालीचं एक खास पार्टिशन उघडून त्यातली .ईएफआय फाइल नावानिशी शोधतो. या पार्टिशनला ईएफआय सिस्टिम पार्टिशन म्हणतात, पुढे ईएसपी लिहीन.

मग एलएसबीएलके आणि एलएसबीएलके -एफ, डिस्क आणि पार्टिशनांची यादी देणारी कमांड. दोन्ही मिळून दिसलं ते असं (एनटीएफएस ही विंडोजची फाइलप्रणाली, ईएक्सटी४ लिनक्सची, व्हीफॅट म्हणजे फॅट):

एसडीए, ९३१.५ जीबी, ही हार्ड डिस्क. पहिलं पार्टिशन ४५० एमबी एनटीएफएस, विंडोजच्या दुरुस्तीचं. दुसरं १०० एमबी व्हीफॅट, नाव नाही. तिसरं १६ एमबी, त्यात फाइलप्रणालीच नाही, मायक्रोसॉफ्टनं स्वतःसाठी राखलेलं. चौथं सी, पाचवं डी.

एसडीबी, २२३.६ जीबी, ही एसएसडी. पहिलं ५१२ एमबी व्हीफॅट, नाव "ईएफआय". दुसरं उरलेलं सगळं, ईएक्सटी४, मिंट.

इथे नव्वद टक्के लोक थांबतील. एसएसडीवर पहिलंच पार्टिशन, ५१२ एमबीचं, फॅटचं, वर नावही ईएफआय. शोध संपला, डिस्क काढा.

पण नाव म्हणजे लेबल, आणि लेबल कुणीही काहीही देऊ शकतं. आकारही पुरावा नाही. ५१२ एमबी ही लिनक्स बसवणाऱ्यांची सवय, १०० एमबी ही विंडोजची, बस्स. जीपीटी (पार्टिशन तक्त्याची नवी पद्धत) डिस्कवर पार्टिशन कशासाठी आहे हे ठरतं त्याच्या प्रकाराच्या कोडनं. पार्टिशन तक्त्यात प्रत्येक नोंदीबरोबर सोळा बाइटांचा तो कोड लिहिलेला असतो आणि एलएसबीएलके -एफ तो दाखवत नाही. ईएसपीचा कोड सी१२ए७३२८ नं सुरू होतो. आठवायची गरज नाही, एफडिस्क -एल त्याचं भाषांतर करून शेवटच्या रकान्यात देतं.

सुडो लावून (प्रशासकाच्या हक्कानं) एफडिस्क -एल चालवलं. एसडीए२ समोर: ईएफआय सिस्टिम. एसडीबी१ समोर: मायक्रोसॉफ्ट बेसिक डेटा.

म्हणजे एसएसडीवरचं ते "ईएफआय" फक्त नावाचं. तक्त्याच्या लेखी ते पेनड्राइव्हवर असतं तसलं साधं डेटा पार्टिशन. असं कसं झालं याचा अंदाज बांधता येतो. जीपार्टेडमध्ये जीपीटी डिस्कवर नवं पार्टिशन करून फॅट३२ निवडलं की त्याला हाच डेटाचा प्रकार मिळतो. ईएसपी करायचं असेल तर नंतर वेगळं जाऊन "ईएसपी" हा ध्वज लावावा लागतो. तो लावायचा राहिला. पुढे मिंट बसवताना इन्स्टॉलरला दोन्ही डिस्क मिळून एकच खरा ईएसपी दिसला असणार, हार्ड डिस्कवरचा.

असणार. अजून सिद्ध झालेलं नाही. एसडीबी१ तात्पुरतं माउंट करून (एका फोल्डराला जोडून) पाहिलं, फक्त वाचण्यापुरतं. आत काही नाही, एक फोल्डरसुद्धा नाही.

९ नोव्हेंबर २०२५

आज दोन्ही टोकांकडून विचारायचं. एक टोक चालू असलेल्या मिंटचं: तू कशाला बूट पार्टिशन मानतोस? दुसरं टोक मदरबोर्डचं: तू कुठून सुरुवात केलीस? दोघांची उत्तरं जुळली तरच मानायचं.

पहिलं टोक. फाइंडएमएनटी /बूट/ईएफआय, म्हणजे या फोल्डरावर कुठलं पार्टिशन माउंट आहे ते सांग. उत्तर: एसडीए२. हार्ड डिस्क. फाइंडएमएनटी /बूट विचारलं तर काहीच उत्तर नाही. म्हणजे /बूट हे वेगळं पार्टिशन नाही, मिंटच्या मूळ पार्टिशनमधलाच एक फोल्डर. मिंट, उबुंटू साध्या पद्धतीनं बसवलं की असंच असतं. फेडोरात /बूट वेगळं पार्टिशन असतं, आणि उबुंटूतही पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली की /बूट बाहेर काढावं लागतं. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या संगणकावरचे आकडे इथे लावू नयेत.

मग एफएसटॅब (सुरू होताना काय कुठे माउंट करायचं याची फाइल) उघडली, आणि इथे एक गंमत. इन्स्टॉलर प्रत्येक ओळीवर एक टिप्पणी सोडून जातो, इन्स्टॉल करताना हे पार्टिशन कुठे होतं याची. /बूट/ईएफआय च्या ओळीवर लिहिलंय: एसडीबी२ वर होतं. आज एसडीबी२ म्हणजे तर मिंटचं मूळ पार्टिशन! टिप्पणी खोटी नाही. त्या वेळी हार्ड डिस्क एसडीबी होती. मधल्या काळात कुणीतरी केबल एका पोर्टमधून दुसऱ्यात लावली असावी, किंवा कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) डिस्क वेगळ्या क्रमानं सापडल्या. एसडीए, एसडीबी ही अक्षरं डिस्कवर कोरलेली नसतात. डिस्क सापडतील त्या क्रमानं दर वेळी नव्यानं वाटली जातात. म्हणूनच प्रत्यक्ष ओळीत एसडीबी२ नसून यूयूआयडी हा ओळखक्रमांक आहे, चार-चार अक्षरांची जोडी, मध्ये आडवी रेघ. फॅटची ओळख अशी आखूड असते, ईएक्सटी४ ची लांबलचक. ती आखूड जोडी एलएसबीएलकेच्या यादीत शोधली: आजच्या एसडीए२ ची.

टिप्पणी वाचून कुणी एसडीबी२ ला फॉरमॅट मारलं असतं तर अख्खं मिंट गेलं असतं. हे मुद्दाम लिहून ठेवतोय. टिप्पणी हा इतिहास आहे, पत्ता नाही.

दुसरं टोक. ईएफआयबूटएमजीआर -व्ही. ही कमांड मदरबोर्डच्या कायम स्मृतीतल्या बूट नोंदी वाचून दाखवते. आधी पाहायची ओळ बूटकरंट: ०००२. आत्ता चालू असलेला संगणक याच नोंदीवरून सुरू झाला. नोंद ०००२ चं नाव "उबुंटू". मिंट शोधणाऱ्यांना इथे हटकून शंका येते, पण मिंट स्वतःचा ग्रब उबुंटू याच नावाच्या फोल्डरात ठेवतं. मिंट नावाची नोंद शोधत बसलात तर सापडणार नाही.

त्या नोंदीचा मजकूर गूढ दिसतो, पण सोडवला की फार बोलका आहे. एचडी, मग कंसात २, जीपीटी, एक लांब ओळखक्रमांक, ०एक्सई१८००, ०एक्स३२०००, आणि पुढे फाइल: ईएफआय\उबुंटू\शिमएक्स६४.ईएफआय. पहिला २ म्हणजे दुसरं पार्टिशन. शेवटचे दोन आकडे सोळाच्या पायावरचे, ते दहाच्या पायावर आणले: सुरुवात ९,२३,६४८ व्या सेक्टरपासून, लांबी २,०४,८०० सेक्टर. ५१२ बाइटांचा सेक्टर धरला तर लांबी बरोबर १०० एमबी. आणि सुरुवात ४५१ एमबीवर, म्हणजे डिस्कच्या तोंडाशी सोडलेली १ एमबी जागा आणि त्यापुढे ४५० एमबीचं दुरुस्तीचं पार्टिशन. कालच्या यादीशी तंतोतंत जुळतं.

तरीही खात्रीचा धागा तो लांब ओळखक्रमांकच. तो पार्टयूयूआयडी. यूयूआयडी फाइलप्रणालीचा असतो, फॉरमॅट केलं की बदलतो. पार्टयूयूआयडी पार्टिशन तक्त्यातल्या नोंदीचा, फॉरमॅट केलं तरी तसाच राहतो, आणि मदरबोर्ड हाच लक्षात ठेवतो. एलएसबीएलके -ओ नंतर नेम, साइझ, पार्टटाइपनेम, पार्टयूयूआयडी असे रकाने मागितले तर सगळं एका तक्त्यात मिळतं. क्रमांक जुळला: एसडीए२.

नोंद ०००० विंडोज बूट मॅनेजरची. तिच्यातही तोच पार्टयूयूआयडी, फक्त फाइल वेगळी, ईएफआय\मायक्रोसॉफ्ट\बूट\बूटएमजीएफडब्ल्यू.ईएफआय.

तर उत्तर असं. दोन्ही प्रणालींचा पहिला पाय त्या टकटकणाऱ्या डिस्कवरच्या १०० एमबीत आहे. ती काढली असती तर मिंटची एकही फाइल न हलता मिंट सुरू व्हायचं बंद झालं असतं.

१२ नोव्हेंबर २०२५

घरून. बाईंना फोनवर समजावताना लक्षात आलं की साखळी एकदा लिहूनच ठेवावी.

मदरबोर्ड ईएसपीवरची शिम ही छोटी .ईएफआय फाइल चालवतो. शिम शेजारची ग्रबएक्स६४ चालवते. ग्रब त्याच फोल्डरातली ग्रब.सीएफजी वाचतो. ही फाइल म्हणजे फक्त तीन ओळी: अमुक यूयूआयडीचं पार्टिशन शोध, त्यातल्या /बूट/ग्रब ला आपलं घर मान, आणि तिथली मोठी ग्रब.सीएफजी वाच. मोठी फाइल एसएसडीवर, मिंटच्या आत. मेनू तिच्यातून येतो. कर्नल आणि इनिटआरडीही (कर्नलला सुरुवातीला लागणारी फाइल) तिथेच, /बूट मध्ये. म्हणजे हार्ड डिस्कचा सहभाग पहिल्या दोन-तीन सेकंदांपुरता, काही एमबीच्या दोन-चार फाइली वाचून झाल्या की संपला. पुढचं सगळं एसएसडीवरून.

यातून दोन गोष्टी निघतात. ग्रबचा मेनू दिसतो म्हणून ग्रब त्याच डिस्कवर आहे असं नाही. आणि हलवायचं आहे ते फारच थोडं आहे.

बाई म्हणाल्या, "म्हणजे किल्ली एका घरात आणि कुलूप दुसऱ्या." मी यापेक्षा बरं सांगू शकलो नसतो.

१५ नोव्हेंबर २०२५

हलवण्याचा दिवस: मिंटचा बूट एसएसडीवरच्या एसडीबी१ वर आणायचा. क्रम लिहून काढला होता, त्याबाहेर काही केलं नाही.

आधी जुन्या ईएसपीची पूर्ण प्रत टारमध्ये (एकाच फाइलीत) बांधून बाहेरच्या डिस्कवर. मग विंडोजमध्ये जाऊन दोन गोष्टी तपासल्या. एक, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू नाही ना. चालू असताना बूटची व्यवस्था बदलली की विंडोज रिकव्हरी की मागू शकतं, आणि ती की वाचनालयात कुणाकडे असण्याची शक्यता शून्य. चालू नव्हतं. दोन, फास्ट स्टार्टअप. ते चालू होतं. पॉवरसीएफजी /एच ऑफ करून हायबरनेशनसकट बंद केलं. फास्ट स्टार्टअपमध्ये विंडोज "बंद" झाल्याचं नाटक करतं, एनटीएफएस अर्धवट उघडीच राहते आणि लिनक्स ती लिहायला देत नाही. डी ड्राइव्हवर मिंटमधून सेव्ह होत नाही ही जुनी तक्रार बहुधा यातलीच.

मिंटमध्ये परत. मोकयूटिलनं सांगितलं की सिक्युअर बूट (सही असलेल्याच बूट फाइली चालू देणारी सोय) बंद आहे. म्हणजे सह्यांचा घोळ नाही.

एसडीबी१ चा प्रकार बदलला: पार्टेडमध्ये सेट १ ईएसपी ऑन. फॉरमॅट केलं नाही, गरज नव्हती. फॅट३२ आधीपासून होतीच, फक्त तक्त्यातला कोड चुकीचा होता. प्रकार बदलल्यानं आतला डेटा हलत नाही. एफडिस्क -एल पुन्हा: दोन्हींसमोर ईएफआय सिस्टिम.

पुढची पायरी सहसा कुणी करत नाही, पण मला ती हवीच होती. ग्रब-इन्स्टॉल नवी नोंद लिहिताना त्याच नावाची जुनी नोंद मदरबोर्डच्या स्मृतीतून पुसतो. फाइली राहतात, नोंद जाते. नवा ग्रब चालला नाही तर परतीची वाट हवी. म्हणून ईएफआयबूटएमजीआर -सी नं जुन्या डिस्कवरच्या शिमसाठी "जुना" या नावाची दुसरी नोंद करून ठेवली. वेगळं नाव असल्यानं ती पुसली जाणार नाही. जुनी तीन ओळींची ग्रब.सीएफजी अजूनही एसएसडीवरच्या मिंटकडेच बोट दाखवते, तेव्हा ही वाट चालू राहील.

मग एफएसटॅब. /बूट/ईएफआय च्या ओळीत एसडीबी१ ची आखूड यूयूआयडी घातली, जुनी ओळ खाली टिप्पणी करून ठेवली. /बूट/ईएफआय अनमाउंट, सिस्टिमसीटीएल डेमन-रीलोड, पुन्हा माउंट. फाइंडएमएनटीनं आता एसडीबी१ म्हटलं. हे पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. ग्रब-इन्स्टॉल डिस्कचं नाव विचारत नाही, तो /बूट/ईएफआय वर त्या क्षणी जे माउंट असेल तिथे लिहितो. काहीच माउंट नसेल तर हे ईएफआय पार्टिशनसारखं दिसत नाही म्हणून निदान थांबतो तरी. चुकीचं माउंट असेल तर बिनतक्रार लिहून मोकळा होतो.

ग्रब-इन्स्टॉल: त्रुटी नाही. अपडेट-ग्रब: मिंट सापडलं, पण विंडोजची ओळ गायब! ओएस-प्रोबर बंद असल्याची सूचना वर आलेली. मूळ ग्रबमध्ये २.०६ पासून दुसऱ्या प्रणाली शोधणं मुळातच बंद ठेवलेलं असतं. /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब मध्ये ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स केलं, पुन्हा चालवलं, विंडोज एसडीए२ वर सापडलं.

ईएफआयबूटएमजीआर -व्ही: नवी "उबुंटू" नोंद, पार्टिशन १, सुरुवात ०एक्स८००, लांबी ०एक्स१०००००. म्हणजे २,०४८ व्या सेक्टरपासून १०,४८,५७६ सेक्टर, ५१२ एमबी. पार्टयूयूआयडी एसडीबी१ चा. रीस्टार्ट केल्यावर बूटकरंटनंही याच नव्या नोंदीचा क्रमांक दिला.

१६ नोव्हेंबर २०२५

कागदावर सगळं जुळलं. आता केबल काढून बघायचं.

रविवार, वाचक नाहीत. वीज बंद, हार्ड डिस्कची साटा आणि पॉवर दोन्ही केबल काढल्या. चालू केलं. ग्रबचा मेनू आला. मिंट निवडलं. कर्नल चढला, आणि मग एका ओळीवर अडकून राहिला: अमुक यूयूआयडीच्या डिस्कची वाट पाहतोय, मर्यादा १ मिनिट ३० सेकंद. दीड मिनिटानं इमर्जन्सी मोड आणि पासवर्डची मागणी.

बूट पार्टिशनचा यात काही दोष नव्हता, ते आपलं काम करून बाजूला झालं होतं. एफएसटॅबमध्ये डी ड्राइव्ह आपोआप माउंट करणारी ओळ होती, पर्यायांत नोफेल (डिस्क नसली तरी पुढे जा) नसलेली. सिस्टिमडीच्या (कर्नलनंतर मिंट सुरू करणाऱ्या व्यवस्थेच्या) दृष्टीनं अशी प्रत्येक ओळ सक्तीची. डिस्क आली नाही तर तो पुढे जायलाच नकार देतो. डिस्क काढल्यावर लिनक्स चालू होत नाही म्हणून लोक ग्रब पुन्हा पुन्हा बसवत राहतात, त्यातल्या कित्येकांचं दुखणं हेच असतं. फरक ओळखायला सोपा आहे. मेनू आला आणि कर्नलच्या ओळी सरकायला लागल्या की ईएसपी सुटला, पुढचं भांडण एफएसटॅबशी.

त्या ओळीत नोफेल घातलं. पुन्हा चालू. मिंट सरळ डेस्कटॉपवर. मेनूतून विंडोज निवडून पाहिलं तर अशी डिस्कच नाही म्हणून त्रुटी, जी यायलाच हवी होती.

एक जास्तीची परीक्षा. बूट मेनूतून "उबुंटू" ही नोंद न निवडता एसएसडीचं साधं नाव निवडलं. तरीही ग्रब आला. ईएसपीवर ईएफआय\बूट\बूटएक्स६४.ईएफआय ही राखीव फाइलही बसली आहे म्हणून. मदरबोर्डच्या स्मृतीतल्या नोंदी उद्या पुसल्या गेल्या तर हीच कामाला येईल.

बाईंना मेसेज केला: आता डिस्क काढली तरी मिंट चालतं.

२२ नोव्हेंबर २०२५

नवी १ टीबी एसएसडी आली. विंडोजची डिस्क जशीच्या तशी उचलायची. आधी दोन्हींचे सेक्टर मोजले, दोन्ही १,९५,३५,२५,१६८. नवी एका सेक्टरनंही लहान असती तर जीपीटीची शेवटची प्रत बसली नसती.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू, नकाशा फाइल बाहेरच्या डिस्कवर. डीडी ही साधी प्रत काढणारी कमांड न वापरता हे वापरण्याचं कारण एवढंच की ते खराब सेक्टरांपाशी हटून बसत नाही. आधी चांगला भाग उतरवतं, मग उरलेल्यावर पुन्हा प्रयत्न करतं, आणि मध्ये वीज गेली तर नकाशावरून पुढे चालू करतं. संध्याकाळी वीज गेलीच. शेवटी थोडे किलोबाइट वाचता आले नाहीत. सी आणि डी दोन्हींवर चेकडिस्क चालवलं, फाइली शाबूत. डीची प्रत पहिल्या दिवशीच घेतलेली होती, त्यामुळे धाकधूक नव्हती.

या पद्धतीचा एक परिणाम ध्यानात ठेवायला हवा. प्रत म्हणजे यूयूआयडी आणि पार्टयूयूआयडीसकट प्रत. जुनी आणि नवी डिस्क एकाच वेळी जोडून संगणक चालू केला तर दोन ईएसपी एकाच ओळखीचे होतात, आणि मग वरच्या सगळ्या तपासण्या निरर्थक. म्हणून प्रत झाल्याबरोबर जुनी काढली, मगच संगणक चालू केला. फायदाही याच गोष्टीचा: मदरबोर्डमधली विंडोजची नोंद पार्टयूयूआयडीवर चालते, तेव्हा तिला डिस्क बदलल्याचं कळलंही नाही. ग्रबमधूनही विंडोज पहिल्याच झटक्यात उघडलं.

२३ नोव्हेंबर २०२५

साफसफाई. "जुना" ही नोंद ईएफआयबूटएमजीआर -बी नं काढली. विंडोजच्या ईएसपीवरचा उबुंटू फोल्डरही काढला. काहीजण तो राखीव म्हणून ठेवायला सांगतील. मला पटत नाही. पुढचे ग्रबचे अपडेट मिंटच्या एसएसडीवरच जातील, हा मागे शिळा होत पडेल, आणि पुढच्या माणसाला पुन्हा दोन ठिकाणी दोन ग्रब सापडतील. ईएफआय\मायक्रोसॉफ्टला अर्थातच हात लावला नाही.

घड्याळ. विंडोजमध्ये वेळ साडेपाच तास मागे. मिंट मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहितं, विंडोज त्यालाच स्थानिक वेळ समजतं. नेट असतं तर विंडोजनं दुरुस्त करून घेतलं असतं, पण विंडोजमध्ये असताना नेटची वायर आपणच काढून ठेवतो. टाइमडेटसीटीएलनं मिंटला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं. त्यावर ते लांबलचक इशारा देतं, तो मुख्यतः उन्हाळ्यात घड्याळं पुढे-मागे करणाऱ्या देशांच्या गोंधळाबद्दल आहे. आपल्याकडे तो प्रश्न नाही.

कॅबिनेटच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला: कुठली डिस्क कशाची, मिंटचा ईएसपी कुठे, विंडोजचा कुठे, दोन्हींचे पार्टयूयूआयडी. एसडीए-एसडीबी ही अक्षरं मुद्दाम लिहिली नाहीत.

२९ नोव्हेंबर २०२५

बालविभागातला दुसरा संगणक. तोही दुहेरी बूटचा, त्याचंही असंच पाहून द्या म्हणाले. पहिलीच तपासणी: /सिस/फर्मवेअर/ईएफआय नाही. एफडिस्क -एल म्हणतं डॉस तक्ता, म्हणजे एमबीआर, जीपीटीच्या आधीची जुनी पद्धत. इथे ईएसपी शोधायला गेलं तर सापडणारच नाही. विंडोज ७ च्या काळातलं १०० एमबीचं "सिस्टिम रिझर्व्ड" आहे, त्याच्यासमोर बूट रकान्यात चांदणी आहे, पण ती चांदणी विंडोजच्या स्वतःच्या एमबीआर कोडसाठी. ग्रब तिच्याकडे बघत नाही. त्याचा पहिला तुकडा त्या ४४६ बाइटांत, आणि उरलेला गाभा पहिलं पार्टिशन सुरू होण्याआधीच्या रिकाम्या सेक्टरांत, जिथे कुठलंच पार्टिशन नाही. डिस्क जीपीटी असती तर या गाभ्यासाठी १ एमबीचं वेगळं बायोस बूट पार्टिशन लागलं असतं. त्याच्या प्रकाराच्या कोडची बाइट अक्षरांत वाचली तर "हा! आय डोन्ट नीड ईएफआय" असं निघतं. ज्यानं कुणी तो ठरवला, त्याला सलाम.

इथे दोन डिस्क आहेत आणि ग्रब कुठल्या डिस्कच्या एमबीआरमध्ये आहे ते तक्त्यातून दिसत नाही. दोन्हींचे पहिले ५१२ बाइट वाचून त्यात ग्रब हा शब्द आहे का ते पाहायचं. मागच्या वेळेसारखी ईएसपीची टार प्रत इथे कामाची नाही, आधी दोन्ही डिस्कच्या पहिल्या १ एमबीची प्रत काढून ठेवायला हवी. पुढच्या शनिवारी बाहेरची डिस्क घेऊन येतो.